अमळनेर ते न्यू यॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

आमच्या शेजारचे काका तिकिटाची छापील प्रत घेऊन ओट्यावर आले. लेक न्यू जर्सीत, तिचं पहिलं बाळंतपण, आणि काका-काकू दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार. काकांनी तिकिटावर बोट ठेवलं. "मुंबईहून रात्री सव्वादोनला निघतं, न्यू यॉर्कला सकाळी आठला पोचतं. तारीखही तीच आहे. मग हे पावणेसहा तास झाले. पोरगी सोळा तास कशाला सांगते?" मागून काकूंचा आवाज आला, "नेमका कितला वखत लागस रे भाऊ?"

प्रश्न अगदी रास्त होता. खान्देशातून आता घरटी नाही तरी गल्लीगणिक एखादं पोर परदेशी आहे, आणि तिकीट हाती आलं की हाच गोंधळ होतो. याचं कारण, आपण चार वेगळ्या गोष्टी एकात मिसळतो: दोन विमानतळांमधलं अंतर, विमान हवेत असण्याचा वेळ, दोन गावांच्या घड्याळांतला फरक, आणि आपल्या दारापासून त्यांच्या दारापर्यंतचा सगळा वेळ. चारही सुटे करून मोजले तर दहावीचं गणित पुरतं. त्या दुपारी काकांसोबत कागदावर जे मांडलं, तेच इथे ओळीने देतो. उदाहरण मुंबई-न्यू यॉर्कचं आहे. तुमचं गाव आणि तुमचं विमानतळ त्यात घालून घ्या.

आधी जवळचं अंतर काढून पाहा

एकदम अमेरिकेला जाण्यापेक्षा जळगाव-मुंबईवर हात बसवा. त्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लागतात. मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात, पहिला अक्षांश आणि दुसरा रेखांश. जळगाव विमानतळ २०.९६ उत्तर, ७५.६३ पूर्व. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व.

उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, जगात कुठेही. इथे अक्षांशांतला फरक १.८७, म्हणजे २०८ किलोमीटर. पूर्व-पश्चिम मात्र तसं नसतं. टरबुजावरचे पट्टे आठवा: मधोमध रुंद आणि देठाकडे निमुळते. रेखांशही तसेच ध्रुवांकडे जवळ येत जातात. विषुववृत्तावर एक रेखांश १११ किलोमीटरचा, आपल्या २० अक्षांशावर सुमारे १०४ चा, आणि ६० अक्षांशावर जेमतेम ५६ चा. म्हणून १११ ला अक्षांशाच्या कॉसने गुणायचं. कॉस २० म्हणजे ०.९४. रेखांशांतला फरक २.७६, म्हणून २.७६ गुणिले १११ गुणिले ०.९४, उत्तर २८८ किलोमीटर.

आता पायथागोरस. २०८ चा वर्ग अधिक २८८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३५५. जळगाव ते मुंबई हवाई अंतर ३५५ किलोमीटर. रेल्वेने हेच सुमारे ४२० भरतं, कारण रूळ मनमाड, नाशिक, कसारा घाट असे वळत जातात.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदाचं गणित इथे चाललं कसं? याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चंगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्या भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात सांगून ठेवलंय की वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, म्हणून एवढ्या मोठ्या पृथ्वीवरच्या लहानशा माणसाला ती सपाट वाटते. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचा शंभरावा भाग ४००. जळगाव-मुंबई त्याच्या आत बसतं, म्हणून पायथागोरस चालला. न्यू यॉर्क त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. तिथे गोलाचंच गणित हवं.

दोऱ्याने मोजा

गणिताआधी हे करा, कारण डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं पटतं. घरातल्या शाळकरी पोराचा पृथ्वीगोल घ्या आणि शिवणकामाचा साधा दोरा. दोरा विषुववृत्तावर एक पूर्ण फेरी गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. आमच्याकडचा गोल ८० सेंटिमीटर भरला. ४०,००० भागिले ८०, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर बरोबर ५०० किलोमीटर.

मग दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यू यॉर्कवर, आणि दोरा ताणा. सैल राहू देऊ नका. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. काकांनी स्वतः दोरा ताणला आणि ते थबकलेच. त्यांची कल्पना होती की विमान अरबी समुद्र, आफ्रिका आणि मग अटलांटिक असं सरळ पश्चिमेला जातं. दोरा गेला सिंधवरून, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडा, आणि वरून खाली न्यू यॉर्कला उतरला. मुंबईहून पश्चिमेच्या शहराला जायचं आणि दोरा निघाला जवळजवळ उत्तरेला!

कारण टरबुजाचंच आहे. वर पट्टे अरुंद, म्हणून वर जाऊन आडवं कापलं की कमी चालावं लागतं. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टीने मुंबई-न्यू यॉर्क रेषा आखली, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं, तर १४,२०० किलोमीटर पडतात. दोऱ्याच्या वाटेने सुमारे १२,५०० च. सतराशे किलोमीटर वाचतात. आमचा दोरा २५ सेंटिमीटर भरला. २५ गुणिले ५००, बरोबर १२,५००.

या वाटेला महावर्तुळाची वाट म्हणतात. दोऱ्याने काढलेला आकडा शे-दीडशे किलोमीटर इकडेतिकडे होतो, पण प्रवासाचा वेळ काढायला तो पुरेसा आहे. पुढचं सूत्र ज्यांना नको वाटेल, त्यांनी ते खुशाल सोडावं.

सूत्राने नेमकं अंतर

मोबाइलचं कॅल्क्युलेटर आडवं धरलं की साइन-कॉसची बटणं दिसतात. आधी एक खात्री करा: कोन 'डिग्री'त मोजण्याची खूण चालू हवी, 'रेडियन'ची नको. बहुतेक चुका इथेच होतात. उत्तर विचित्र आलं की पहिली शंका याचीच घ्या.

न्यू यॉर्कचं जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. मुंबई पूर्व रेखांशावर आहे आणि न्यू यॉर्क पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: ७२.८७ अधिक ७३.७८, म्हणजे १४६.६५. दोन्ही ठिकाणं पूर्वेलाच असती तर वजाबाकी केली असती. पूर्व-पश्चिम बेरजेचं उत्तर १८० च्या वर गेलं, तर ते ३६० मधून वजा करा.

सूत्र असं:

(साइन पहिला अक्षांश × साइन दुसरा अक्षांश) + (कॉस पहिला अक्षांश × कॉस दुसरा अक्षांश × कॉस रेखांशांतला फरक)

आकडे घालूया. साइन १९.०९ म्हणजे ०.३२७१ आणि साइन ४०.६४ म्हणजे ०.६५१३, त्यांचा गुणाकार ०.२१३०. कॉस १९.०९ म्हणजे ०.९४५०, कॉस ४०.६४ म्हणजे ०.७५८८, आणि कॉस १४६.६५ म्हणजे उणे ०.८३५३. या तिघांचा गुणाकार उणे ०.५९९०. दोन्ही मिळून उणे ०.३८६०. आता कॉसचं उलट बटण दाबा, ज्यावर कॉसच्या डोक्यावर उणे एक लिहिलेलं असतं. उत्तर ११२.७ अंश. एका अंशाचे १११.२ किलोमीटर धरून गुणा: १२,५३० किलोमीटर.

इथे एक गंमत ध्यानात येते. एका अंशाचे साठ भाग केले, तर प्रत्येक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक आजही अंतर याच मैलात मोजतात. म्हणून ११२.७ गुणिले ६०, सुमारे ६,७६० नॉटिकल मैल. साधा मैल वेगळा, १.६०९ किलोमीटरचा. त्या हिशेबाने हेच अंतर सुमारे ७,७९० मैल होतं. इंटरनेटवर एकाच प्रवासाचे तीन आकडे दिसले तर घाबरू नका, एकक पाहा.

उत्तर बरोबर आहे का, हे पडताळायची एक सोपी खूण आहे. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या परिघापेक्षा, लांब असूच शकत नाहीत. त्याच्या वर गेलात तर कुठेतरी चुकलंय. तुलनेसाठी, सिंगापूर ते न्यू यॉर्क ही नेहमीच्या प्रवासी विमानांतली अतिशय लांब फेरी १५,३०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि ती साधारण साडेअठरा तास घेते.

सूत्राचा कंटाळा असेल तर संगणकावर गुगल मॅप्स उघडून मुंबई विमानतळावर उजवं बटण दाबा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि न्यू यॉर्कवर टिचकी मारा. नकाशावर वर फुगलेली कमान उमटते. तीच आपल्या दोऱ्याची वाट. विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकून अंतर सांगणाऱ्या जागाही आहेत. मुंबईचा कोड बीओएम, जुन्या बॉम्बे नावावरून राहिलेला. जळगावचा जेएलजी. न्यू यॉर्कला जाताना मात्र कोड डोळ्यांत तेल घालून वाचा. जेएफके वेगळं आणि न्यू जर्सीतलं नेवार्क, कोड ईडब्ल्यूआर, वेगळं. अंतरात फारसा फरक नाही, पण जावई एका विमानतळावर आणि तुम्ही दुसऱ्यावर, असं व्हायला नको.

अंतरावरून विमानाचा वेळ

मोठं जेट विमान उंचावर हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातं. १२,५३० भागिले ९०० केले तर चौदा तासांच्या आत उत्तर येतं. काकांची लेक मात्र सोळा सांगते. मधल्या दोन तासांचा हिशेब असा.

पहिली गोष्ट, विमान दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, वादळ टाळावं लागतं, आणि काही देशांचं आकाश बंद असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर युरोप-अमेरिकेच्या विमानांना रशियावरून जाणं बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. आपल्या दोऱ्यावर सिंध आणि रशिया दोन्ही येतात, हे आठवा. मग विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे वळतं आणि तिथून युरोपच्या अंगाने जातं. म्हणून अंतरात किमान चार टक्के वाढ धरा. आकाश बंद असेल तर आठ टक्क्यांपर्यंत जा. चार टक्क्यांनी आपले १२,५३० चे झाले सुमारे १३,०००.

दुसरी गोष्ट वारा, आणि सगळ्यांत जास्त फरक तोच पाडतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, आणि ऐन प्रवाहात वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेला जाताना वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर. सायकलवरून वाऱ्याविरुद्ध शाळेत गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वैमानिक वारा टाळायचा प्रयत्न करतात, तरी पूर्ण प्रवासाची सरासरी ताशी ५० किलोमीटर धरायला हरकत नाही. जाताना जमिनीच्या तुलनेत वेग ८५०, येताना ९५०.

तिसरी गोष्ट, जागेवरून हलून धावपट्टीवर जाणं, चढणं, उतरणं, पुन्हा जागेवर लागणं. तिकिटावरचा वेळ या सगळ्यासकट असतो. त्याचे ४० मिनिटं धरा.

जाताना: १३,००० भागिले ८५० म्हणजे १५ तास १७ मिनिटं, त्यात ४० मिनिटं, जवळजवळ १६ तास.
येताना: १३,००० भागिले ९५० म्हणजे १३ तास ४१ मिनिटं, त्यात ४० मिनिटं, जवळजवळ १४ तास २० मिनिटं.

एकाच वाटेवर जाण्या-येण्यात दीड तासाहून जास्त फरक! काकांना हे छापखान्याची चूक वाटली होती.

विमानात बसल्यावर हे सगळं डोळ्यांसमोर पाहता येतं. पुढच्या सीटच्या पाठीला पडदा असतो, त्यावर नकाशा लावा. उंची, बाहेरचं तापमान आणि जमिनीवरचा वेग ओळीने येत राहतात. काही विमानांत वाऱ्याचा वेगही दिसतो. काकूंना मी सांगून ठेवलं होतं की झोप आली नाही तर हे पाहत बसा. त्यांनी परतताना ताशी १,०४० पाहिला आणि पोचल्यावर पहिली बातमी तीच दिली.

जवळच्या प्रवासाला हे आकडे लावू नका. जळगावला येणारी विमानं पंख्याची, एटीआर ७२ जातीची. त्यांचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. ३५५ किलोमीटरला हवेतली पाऊण तासाची वाट, पण चढ-उतार आणि रांगा धरून वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास दाखवतात. अंतर जितकं कमी, तितका चढण्या-उतरण्याचा वाटा मोठा.

घड्याळाचा फरक: काकांचे पावणेसहा तास

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. हा एक नियम पक्का डोक्यात बसला की अर्धं काम झालं. दोन वेगळ्या घड्याळांच्या वेळा एकमेकींतून वजा करणं म्हणजे तोळ्यांतून किलो वजा करणं.

माझी पद्धत साधी आहे. सगळ्या वेळा भारतीय वेळेत आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची. भारताची वेळ जगाच्या मूळ वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे. न्यू यॉर्कची हिवाळ्यात पाच तास मागे. दोन्हींत फरक साडेदहा तास. तिथे सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. रात्री सव्वादोन ते संध्याकाळी साडेसहा, सोळा तास पंधरा मिनिटं. वर आपण गणिताने काढलेल्या १६ तासांशी हे जुळतं. काकांनी कागद दोनदा पाहिला आणि मग हसले.

परतीचंही तसंच. समजा तिथून दुपारी १२ ला निघालं आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊणला पोचलं. वरवर पावणेपंचवीस तास. तिथले दुपारचे १२ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. साडेदहा ते दुसऱ्या दिवशीचे पाऊण, सव्वाचौदा तास.

आता यातली खरी मेख. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. म्हणून उन्हाळ्यात न्यू यॉर्कचा फरक साडेनऊ तासच उरतो. तेच विमान मुंबईहून तेवढ्याच वाजता निघालं आणि तेवढाच वेळ उडालं, तर उन्हाळ्यात तिथे आठऐवजी नऊला पोचेल. लंडनचा फरक हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार, आणि तिथला बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा. दुबई बारमाही दीड तास, तिथे घड्याळं हलवत नाहीत.

मध्यरात्रीनंतरची तारीख

यावर मी मुद्दाम थांबतो, कारण आमच्या नात्यातच हे घडलंय. दूरच्या नात्यातले मामा-मामी, दोघंही सत्तरीच्या जवळ. तिकीट १५ तारखेचं, वेळ ००:५०. त्यांनी १५ तारखेला सकाळी देवाला नारळ फोडला, दुपारी गाडी काढली आणि रात्री नऊला विमानतळाच्या दारात उभे राहिले. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं आणि म्हणाला, हे विमान तर काल रात्रीच गेलं. १५ तारखेचे ००:५० म्हणजे १४ ची रात्र संपून पन्नास मिनिटं झालेली. मामी तिथेच सामानाच्या गाडीवर बसून रडल्या. डब्यात लेकीसाठी केलेले पापड-कुरडया होत्या. नवीन तिकिटं महाग पडली ती वेगळीच.

म्हणून ०० ते ०४ मधली कुठलीही वेळ असेल, तर तिकिटाच्या प्रतीवर मोठ्या अक्षरांत लिहा: "१४ तारखेला रात्री नऊला विमानतळावर." विमानाची वेळ लिहू नका, विमानतळावर पोचायची वेळ लिहा, आणि वारही लिहा.

मधला थांबा

थेट विमान नसेल तर दुबई, लंडन, असं कुठेतरी बदलावं लागतं. लोकांना वाटतं की यात अंतर फार वाढत असेल. मोजून पाहा. मुंबई-लंडन सुमारे ७,२१० आणि लंडन-न्यू यॉर्क सुमारे ५,५४०, बेरीज १२,७५०. थेट अंतरापेक्षा फक्त सव्वादोनशे जास्त, कारण लंडन दोऱ्याच्या फार दूर नाही. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०००, म्हणजे ४०० किलोमीटर जास्त. वेळ वाढतो तो थांब्यावर बसण्याचा. सिंगापूरमार्गे मात्र १९,००० च्या वर जातं. तिकीट स्वस्त दिसलं तरी वयस्कर माणसांना त्या वाटेने पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबा किती तासांचा, हे पाहताना दोन्ही वेळा त्याच विमानतळाच्या असतात, म्हणून तिथे सरळ वजाबाकी चालते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तीन तासांपेक्षा कमी थांबा देऊ नका. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं उशिरा आल्यास पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर ती जबाबदारी तुमचीच.

दारापासून दारापर्यंत

काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. त्यांना विमानाचे तास नको होते, घरून निघाल्यापासून लेकीला भेटेपर्यंतचे हवे होते.

हा हिशेब उलटा करायचा. विमान १५ ला ०२:१५. परदेशी प्रवासाला तीन तास आधी बोलावतात. आम्ही पावणेचार तास धरले, म्हणजे १४ ला रात्री साडेदहा. अमळनेरहून गाडीने धुळे, मालेगाव, नाशिक, इगतपुरी करत मुंबई, साडेतीनशे किलोमीटरच्या वर. जेवण-चहा धरून आठ तास, आणि दीड तास निव्वळ राखीव. घाटात एक ट्रक आडवा झाला की हा दीड तासच तुम्हाला वाचवतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण ठाण्यापुढची गर्दी कुठे जात नाही. म्हणून निघायचं दुपारी १ ला. रेल्वेने जाणाऱ्यांनी राखीव वेळ आणखी वाढवावा. भुसावळ-जळगावकडून येणाऱ्या गाडीने शक्यतो एक गाडी आधीची धरावी.

पुढचा जोडहिशेब: घरापासून विमान सुटेपर्यंत सव्वातेरा तास, विमानात सव्वासोळा तास, तिथे इमिग्रेशनची रांग, सामान आणि लेकीच्या घरापर्यंतची गाडी मिळून तीन तास. एकूण साडेबत्तीस. अमळनेरहून दुपारी १ ला निघून दुसऱ्या दिवशी भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊला लेकीच्या दारात. तिथे तेव्हा सकाळचे ११ वाजलेले असतील.

साडेबारा हजार किलोमीटरला सोळा तास आणि अमळनेर ते मुंबईला विमान सुटेपर्यंतचे तेरा, हे पाहून काका जरा गप्प झाले. औषधांच्या वेळा त्यांनी याच साडेबत्तीस तासांवरून लावल्या. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या कुणाच्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना हाच कागद दाखवून विचारून घ्या. डब्यातल्या दशम्या किती करायच्या, हेही काकूंनी यावरूनच ठरवलं.

शेवटी एक चिठ्ठी करून घरी राहणाऱ्यांच्या फ्रिजवर लावा. काकांच्या सुनेसाठी आम्ही अशी लिहिली: "१४, दुपारी १: घरून. १४, रात्री १०:३०: विमानतळ. १५, रात्री २:१५: विमान. १५, संध्याकाळी ६:३०: उतरतील, तोवर फोन बंद. १५, रात्री ९:३०: ताईच्या घरी. फोन करायचा तर आपल्या सकाळी ७ ला, तेव्हा तिकडे रात्रीचे साडेआठ." त्याखाली लाल पेनाने एक ओळ घातली: "मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर तिकडे साडेनऊ वाजलेले असतील, बाळ झोपलेलं असेल, म्हणून फोन ६ ला."